रंग नवा, खांब जुने: नेरुळच्या फ्लॅटच्या तपासणीवर बारा हजार घालावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नेरुळमध्ये १९९४ सालची, स्टिल्ट (खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग) अधिक चार मजल्यांची इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, रीसेल. मालकाने नुकताच नवा रंग काढलाय आणि हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग केलंय. बँकेचा माणूस बघून गेलाय. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट 'झालेलं आहे' असं सेक्रेटरी सांगतात. आणि एजंटचं म्हणणं, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग तपासणीवर बारा हजार कशाला घालवता? शिवाय ठाण्याच्या नौपाड्यात वडिलांच्या मालकीची १९७६ची तीन मजली इमारत आहे, तीही तपासणी करणाऱ्या याच इंजिनिअरकडून बघून घ्यावी का, हे तुम्ही जाता जाता विचारलंय.

तपासणी करा. पण येणाऱ्या इंजिनिअरला 'घर चांगलं आहे का?' असं विचारलंत तर बारा हजार खरोखरच पाण्यात जातील, कारण त्याचं उत्तर 'तसं ठीक आहे' एवढंच येतं. त्याला विचारायचं ते हे: पुढच्या पाच-सात वर्षांत या घरावर आणि या इमारतीवर कुठकुठली दुरुस्ती येणार, साधारण केवढ्याची, आणि ती कोणाच्या खिशातून जाणार? रीसेलमध्ये आपण घराबरोबर न झालेल्या दुरुस्त्याही विकत घेतो. त्यांची किंमत मात्र करारात कुठेच लिहिलेली नसते.

मी सिव्हिल इंजिनिअर. पहिली अकरा वर्षं रिपेअरिंगच्या साइटवर काढली आणि नंतर ठाणे-नवी मुंबईत तपासणीचं काम सुरू केलं. साइटवर असताना काय झाकता येतं ते शिकलो, त्याचाच आता उपयोग होतो.

बँकेच्या माणसाचं आधी सांगून टाकतो. तो व्हॅल्युअर. कर्ज थकलं तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. पंधरा-वीस मिनिटांत मापं घेतो, फोटो काढतो आणि जातो. बाथरूमच्या नहाणीत पाणी ओतून बघणं त्याच्या कामात बसत नाही. 'बँकेने पास केलं म्हणजे बिल्डिंग मजबूत' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

हाच फ्लॅट नव्या प्रकल्पातला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तिथे तपासणी म्हणजे फोटो आणि तारखेसह दोषांची यादी करून बिल्डरच्या हातात लेखी देणं. तुमच्या बाबतीत पकडायला बिल्डरच उरलेला नाही. सह्या झाल्या की गळती तुमची, आणि खांबांच्या दुरुस्तीतला तुमचा हिस्साही तुमचाच.

हा हिस्सा लोक विसरतात. त्यामुळे मी फ्लॅट बघायला गेलो की आधी जिना चढत नाही. पहिला अर्धा तास पार्किंगमध्ये घालवतो. सगळ्या मजल्यांचं वजन तिथल्या खांबांवर उतरतं, आणि घर विकायला काढलं म्हणून तिथे कोणी रंग काढत बसत नाही. इमारत खरं बोलते ती तिथेच.

खांबाच्या कोपऱ्यापासून इंच-दीड इंच आत वरपासून खालपर्यंत सरळ गेलेली उभी भेग दिसली, की तिच्यामागे सळई आहे आणि ती गंजतेय असं समजा. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतं, ती जागा काँक्रीटमध्ये नसते, म्हणून ते फुटतं. भेगेच्या कडेला तपकिरी ओघळ असेल तर संशयालाही जागा नाही. मग हातोडीच्या टोकाने हलकेच ठोकत वर जायचं. भरीव जागी टणटण वाजतं, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाची जागा खडूने आखत गेलं की दहा मिनिटांत खांबावर नकाशा तयार होतो. हे तुम्ही स्वतःही करू शकता, फक्त वॉचमनला सांगून करा.

आपल्याकडे हे इतकं का होतं, तर खाडी. नेरुळ, वाशी, बेलापूर, कोपरखैरणे, तिकडे कळवा, ठाण्याचं कोपरी, सगळीकडे हवेत खार आहे आणि पाऊस कोकणातला. त्यात त्या काळात बऱ्याच ठिकाणी खाडीची रेती नीट न धुता वापरली गेली. अशा इमारतींचं काँक्रीट फोडताना मला आत शिंपल्यांचे तुकडे मिळालेत. आपल्याला शिंपला दिसतो, पण सळई खातं ते त्याच्याबरोबर आलेलं मीठ. वर रोजची सवय आहेच: सकाळी गाड्या धुणारी मुलं बादलीत उरलेलं पाणी नेमकं खांबाच्या बुंध्याशी ओततात. तीस वर्षं, रोज. म्हणून बुंध्याकडचा फूटभर भाग बारकाईने बघा. एखाद्याच खांबाच्या खालच्या भागाला कडप्पा किंवा लाद्या लावलेल्या दिसल्या, तर 'शोभेसाठी' हे उत्तर ऐकून घ्या, पण मान्य करू नका.

एखादा खांब शेजारच्यांपेक्षा जाड दिसला तर त्याचं जॅकेटिंग झालंय, म्हणजे त्याच्याभोवती नवं काँक्रीट चढवलंय. घाबरू नका, दुरुस्ती झालेला खांब न झालेल्यापेक्षा बरा. फक्त ते जॅकेट खाली पायापर्यंत गेलंय की जमिनीच्या वरच थांबलंय, आणि काम कोणाच्या देखरेखीखाली झालं, हे विचारा.

उलट, लोक ज्याला घाबरतात ते बरेचदा निरुपद्रवी निघतं. नवी मुंबईतली पुष्कळ जमीन भराव घालून केलेली आहे. त्यामुळे इमारतीभोवतीचे पेव्हर ब्लॉक खचतात, जिन्याच्या पहिल्या पायरीशी फट पडते, ड्रेनेजचे पाइप निखळतात. तिथे बहुतेक वेळा भराव बसलेला असतो, इमारत जागेवरच असते. तसंच बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली आडवी बारीक रेघ. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात, तेवढंच. गिलाव्यावरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं नुसतं दिसायला वाईट असतं. मला थांबवते ती बीमच्या टोकाजवळ, खांबाला लागून तिरकी चढलेली भेग. ती दिसली तर पुढे चाचण्या केल्याशिवाय मी मत देत नाही.

मग गच्ची. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे गच्चीचं पाणी थेट डोक्यावर नाही. तरी वर जाऊन या. पत्र्याची शेड असेल तर तिच्याखालचा जुना ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) कधीतरी हरलेला आहे एवढं कळतं. पाण्याच्या टाकीचे आखूड खांब आणि टाकीखालचा स्लॅब बघा. अख्ख्या इमारतीत सगळ्यात आधी तोच सडतो आणि सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो.

आता घरात येऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं नव्या रंगाचं आहे. रंग काढणं हा गुन्हा नाही, विकताना सगळेच काढतात. पण भर हिवाळ्यात घर बघायला जाऊन एकाच भिंतीला ओलीचा वास येत असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा. बाथरूम असेल, तर हॉलच्या बाजूला स्कर्टिंगच्या वर अर्धा-एक फूट हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा रंगाखाली बारीक फोड जाणवले, तर लोणा फुटलाय. पाणी तिथे अजून येतंय, रंगाने ते थांबलेलं नाही. ओल मोजायचं यंत्र मी वापरतो, पण खरं सांगू, निम्म्या वेळा हाताने आधीच सांगितलेलं असतं. एकदा तर एका भिंतीवर कालनिर्णय नको इतकं खाली टांगलेलं होतं. उचललं, तर मागे बशीएवढा पोपडा.

फॉल्स सीलिंगबद्दल मी जरा हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात कोपरखैरणेतल्या एका घराला मी 'ठीक' म्हणून अहवाल दिला होता. हॉलला छान सीलिंग होतं, वर बघायला वाट नव्हती, आणि अहवालात 'सीलिंगवरचा भाग पाहता आला नाही' एवढं एक वाक्य टाकून मी मोकळा झालो. जूनमध्ये त्या गृहस्थांचा फोन आला. सीलिंगचा एक तुकडा सोफ्यावर पडला होता. वर जाऊन बघतो तर स्लॅबचा खालचा थर सुटलेला आणि सळया कोळशासारख्या काळ्या पडून खपल्या सोडत होत्या. वरच्या घराचं बाथरूम नेमकं तिथेच होतं. त्यांनी मला वाईट शब्द वापरला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तेव्हापासून मी सीलिंगमधला एलईडी दिवा खाली ओढतो. बाजूच्या दोन स्प्रिंगवर बसवलेला असतो, सहज निघतो (आधी मेन स्विच बंद). त्या चार इंचांच्या भोकातून मोबाइल आत घालून, फ्लॅश लावून, गोल फिरवत व्हिडिओ काढायचा. अशा तीन-चार भोकांतून वरचा बहुतेक स्लॅब दिसतो. मालक 'नको' म्हणाला, तर त्या नकाराचीही नोंद अहवालात होते. तुमच्याकडे सीलिंग फक्त हॉललाच केलंय, बेडरूमला नाही, हे मला विशेष वाटतं. कदाचित पैसे संपले असतील. कदाचित नसतीलही.

नहाणीची चाचणी सोपी आहे, पण वेळ खाते. बाथरूमच्या नहाणीला बूच मारून दोन इंच पाणी भरायचं, २४ तास ठेवायचं, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. इथे खालच्या घराची आणि मालकाची दोघांचीही परवानगी लागते. न मिळाल्यास सोपा उपाय म्हणजे खालच्या घराची बेल वाजवणं. 'मी वरचा फ्लॅट घ्यायचं बघतोय, तुमच्याकडे गळती येते का?' एवढं विचारा. खरं उत्तर दारातच मिळतं, बरेचदा चहासकट. मग वरच्या घरीही जा आणि त्यांनी बाथरूम किंवा किचन हलवलंय का ते बघा. त्यांचं नवं बाथरूम तुमच्या बेडरूमवर आलं असेल, तर पुढची दहा वर्षं तुमची मैत्री त्यांच्या प्लंबरशी राहील. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची गळती सोसायटीने बघायची, आणि वरच्या घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने. 'ज्याची त्याने' या दोन शब्दांत किती वर्षं जातात ते कुठल्याही सेक्रेटरीला विचारा.

नव्वदच्या दशकातल्या इमारतींची आणखी एक खोड म्हणजे फ्लॉवरबेड. खिडकीबाहेरचा तो अधांतरी छज्जा कुंड्यांसाठी होता. लोकांनी आतली भिंत तोडून, बाहेर वीट चढवून तो खोलीत घेतला आणि वर कपाट उभं केलं. मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्येक खोलीचं माप लेझर मीटरने घ्या. नकाशापेक्षा दोन फूट जास्त भरलं, तर ते दोन फूट तुम्हाला विकले जातायत का, आणि त्यांचे पैसे लावलेत का, हे विचारा.

वायरिंग आणि पाइप थोडक्यात. मीटरनंतर आरसीसीबी (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो खर्च धरूनच चला. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, त्याची घरातल्या एसी-गिझरशी गाठ घाला. भिंतीतले पाइप जुने जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) असतील तर सकाळचं पहिलं पाणी तपकिरी येतं. म्हणून घर बघायला एकदा सकाळी जा. एजंट नेहमी संध्याकाळी बोलावतात.

इथवर सगळं डोळ्याने, हाताने आणि हातोडीने झालं. बारा हजारांत बहुधा एवढंच येतं, आणि बहुतेक खरेदीदारांना एवढं पुरतं. यंत्राच्या चाचण्या लागतील की नाही हे पार्किंगमध्ये काय दिसतं त्यावर अवलंबून आहे. त्या सोसायटीच्या परवानगीशिवाय करताही येत नाहीत, कारण खांब एकट्या मालकाचे नाहीत. म्हणून आपण सोसायटीच्या ऑडिटकडे वळू.

'ऑडिट झालंय' याचा अर्थ फक्त एवढाच की कोणीतरी अहवाल दिलाय. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. तुमची इमारत तिशी ओलांडून गेलीय, म्हणजे अहवालाची तारीख आधी बघा. मग वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. सेक्रेटरींच्या तोंडचं 'रिपेअरेबल' हे सी-३ पण असू शकतं आणि सी-२ए पण. दोन्हींत वर्षभर भाड्याच्या घरात राहण्याचा फरक आहे.

पूर्ण अहवाल मागा, नुसतं शेवटचं पान नको. त्यात रिबाउंड हॅमरचे आकडे असतील. एकट्या या हातोडीवर मी विसंबत नाही. ती फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुनं काँक्रीट वरून उलट कठीण होतं. म्हणजे म्हातारा खांब आकड्यात तरुण दिसतो. जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी हवी. ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम, तीनच्या खाली गेला तर आतलं काँक्रीट खराब. हाफ-सेल (सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या) चाचणीत आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

माझी आवडती चाचणी मात्र कार्बोनेशनची, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये किती खोल शिरलाय ते बघायची. खांबाला छोटं भोक पाडायचं, भुकटी झटकायची आणि ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारायचा. सळईला गंजापासून वाचवणारी काँक्रीटची क्षारता शाबूत असेल तिथे ते गुलालासारखं गुलाबी होतं, मेलेली असेल तिथे काहीच होत नाही, नुसतं ओलं दिसतं. बिनरंगी थर किती मिलिमीटर आणि सळईवरचं आवरण किती मिलिमीटर, हे दोन आकडे शेजारी ठेवा. खांबाला आवरण ४० मिलिमीटर असायला हवं, जुन्या कामात मला वीस-पंचवीस सर्रास मिळतं. बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं कवच गेलं. मग गंज आज दिसत नसला तरी तो फक्त पावसाची वाट बघतोय. अहवालात ही जोडी नसेल, तर ऑडिट गाडीत बसून झालंय की काय, अशी मला शंका येते.

अहवालाबरोबर तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि ताळेबंद मागा. उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवेत असं आहे. प्रत्यक्षात काय साठलंय ते ताळेबंद सांगेल. निधी रिकामा आणि अहवाल सी-२बी असेल, तर पुढच्या वर्षी प्रत्येक सभासदाच्या दारात मोठी वर्गणी येणार. हा हिशोब आधी करा, रंगाचा नंतर.

एजंटचा रीडेव्हलपमेंटचा मुद्दा इथेच बसतो. होईलही. पण सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची प्रक्रिया, सभेचा ठराव, विकासकाची निवड, भाडेपट्ट्याच्या जमिनीसाठी सिडकोची परवानगी, मग पालिका. यातलं आज नेमकं काय झालंय ते कागदावर बघा. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट इमारती या 'आता जाणारच' म्हणून आठ-दहा वर्षं दुरुस्ती थांबवलेल्या आहेत. रीडेव्हलपमेंट व्हायचं तेव्हा होवो, तोवर इमारतीला उभं राहायचंय आणि तिच्याखाली तुम्हाला झोपायचंय.

कागदपत्रं वकील बघेल, पण भोगवटा प्रमाणपत्र मी स्वतः बघितल्याशिवाय अहवाल लिहीत नाही. वय हा एकच निकष नव्हे. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती जुनी नव्हती, बेकायदा होती आणि तिचं बांधकामही अजून चालू होतं.

माणूस कोण घ्यावा? आपल्याकडे घर-तपासणीसाचा वेगळा परवाना नसतो, त्यामुळे टॉर्च आणि ॲप असलेला कोणीही हे काम करू शकतो. सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या, शक्यतो पालिकेच्या यादीवर नोंदणी असलेला. एजंटने सुचवलेला नको. फुकट तपासून देणारा वॉटरप्रूफिंगवाला तर मुळीच नको, कारण त्याला गळती सापडणारच, नसली तरी. जुना अहवाल नमुना म्हणून मागा. 'काय बघता आलं नाही' याची यादी त्यात नसेल, तर तो अहवाल माझ्या कोपरखैरणेच्या अहवालापेक्षाही वाईट. बारा हजार जास्त वाटत असतील तर रजिस्ट्रेशनच्या फीकडे बघा. ती तीस हजारांपर्यंत जाते आणि तिच्याबद्दल कोणी फोरमवर विचारत नाही.

वेळेचं एक सांगतो. टोकन द्यायच्या आधी तपासणी करा. मालक म्हणाला 'आधी टोकन', तर पावतीवर 'तपासणीचा अहवाल समाधानकारक नसल्यास रक्कम परत' एवढी एक ओळ लिहून घ्या. नंतर अहवाल कितीही बोलका असला तरी भाव पाडायची तुमची ताकद गेलेली असते. अहवालातल्या खर्चाच्या यादीवर मालकाशी बसून बोलता येतं. 'घर जुनं आहे' म्हटलं की तो चिडतो, 'नहाणी आणि मागच्या भिंतीचं काम एवढ्याचं आहे' म्हटलं की तो कागद हातात घेतो.

आता नौपाडा. ते काम वेगळं, आणि या माणसाकडूनच करून घ्यायचं का हे तो स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे का यावर ठरेल. तुम्ही तिथे खरेदीदार नाही, मालक आहात. पन्नाशीच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून पालिकेला देणं ही वडिलांची कायदेशीर जबाबदारी आहे, तीस वर्षांनंतर ती लागू होतेच. ठाणे महानगरपालिका १९८२ची, म्हणजे तुमचे मंजूर नकाशे नगरपालिकेच्या काळातले. घरात कुठल्या ट्रंकेत असतील तर आजच शोधा, नंतर मिळणं मुश्किल. इमारत आरसीसीच्या सांगाड्याची आहे की भिंतींवर उभी आहे, हे आधी ठरवावं लागेल. भिंतींवर असेल तर पहिला प्रश्न: तळमजल्यावरच्या दुकानदारांपैकी कोणी शटर रुंद करायला भिंत कापलीय का? जुन्या नौपाड्यात हे मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंचं दार घासायला लागलं होतं म्हणून ते कळलं. सांगाड्याची असेल तर त्या काळातल्या पिळाच्या टोर सळया गंजाला लवकर बळी पडतात, तिथे वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या करा, नुसती पाहणी पुरणार नाही. भाडेकरू असतील तर त्यांना लेखी कळवून, त्यांच्यासमोर करा. घर पाडायचा डाव म्हणून ऑडिट केलं असा समज एकदा झाला की दुरुस्तीलाही कोणी आत घेत नाही.

तुम्ही शनिवारी पुन्हा फ्लॅट बघायला जाणार असं लिहिलंय. सकाळी आठला जा. पार्किंगमधल्या खांबांचे फोटो काढा, बुंध्याचा फूटभर भाग नीट दिसेल असे, प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंनी, आणि इथे टाका. हॉलच्या सीलिंगचे नकोत. दिवा काढून आतला व्हिडिओ मिळाला तर तो मात्र जरूर टाका.